कळसाविना उभे महामंदिर

पॅट्रिक चार्ल्स किली १८४२ साली आयर्लंडहून ब्रुकलिनला आला. १८९६ मध्ये निवर्तेपर्यंत त्याने शेकडो कॅथलिक ख्रिस्तमंदिरांचे आराखडे केले. त्यांत तोचतोपणा आहे, हा आक्षेप आम्हांस अंशतः मान्य आहे. रेन्विकच्या न्यूयॉर्कमधील सेंट पॅट्रिक महामंदिराचा डौल तेथे क्वचितच आढळतो. परंतु या भिंती उभारायच्या होत्या त्या दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या आयरिश मजुरांच्या वर्गणीतून, हे विसरून कसे चालेल? बॉस्टनच्या होली क्रॉस महामंदिराचे अभ्यंगसंस्कार १८७५ मध्ये झाले. नियोजित कळस मात्र कधीच चढले नाहीत. तरीही परमुलखात एका उपेक्षित समाजाला तेथे हक्काचे छप्पर लाभले. किलीचे मोजमाप करताना आम्ही हेच पारडे जड मानतो.