'कुरेनाई' दोनदा ऐकताना

'व्हॅनिशिंग व्हिजन' हा एक्स या जपानी बँडचा पहिला अल्बम. १४ एप्रिल १९८८ ला आला. अमेरिकेत एक्स नावाचा दुसरा एक बँड आधीपासून होता, म्हणून यांनी १९९२ मध्ये नाव बदलून एक्स जपान केलं आणि आज सगळे त्यांना त्याच नावाने ओळखतात. पण या अल्बमच्या वेळी ते नुसते एक्स होते आणि त्यांच्या पाठीशी कुठलीही मोठी कंपनी नव्हती. ज्या एक्स्टसी रेकॉर्ड्सने हा अल्बम काढला, ती कंपनी बँडचा ड्रमर योशिकी यानेच १९८६ मध्ये सुरू केलेली. पैसे आईचे. तिने आपला व्यवसाय विकून ते दिले.

हे वाचून मी थांबलो होतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोरासाठी काहीतरी विकणं नवीन नाही. माझ्याच वर्गात अशी दोन-तीन पोरं होती, ज्यांच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी घरचं एकर-दोन एकर वावर गेलं. ड्रमसाठी मात्र कोणी विकत नाही. कोणी विकलंच असतं, तर गावाने पुढची पाच वर्षं पारावर तेच चघळलं असतं. योशिकी आणि गायक तोशी हे लहानपणापासूनचे मित्र, चिबा प्रांतातल्या ताते-यामा नावाच्या समुद्राकाठच्या छोट्या शहरातले. तिथेही लोक काहीतरी बोललेच असतील.

आता रेकॉर्डकडे. सुरुवात 'डिअर लूझर' या छोट्या वाद्य-तुकड्याने होते. दोन गिटार, हिदे आणि पाता, एकमेकांचा हात धरून चालल्यासारख्या. मग 'व्हॅनिशिंग लव्ह' सुरू होतं आणि ड्रम असे धावतात की आपण गाडीत बसायच्या आतच गाडी सुटलेली असते. खरं सांगायचं तर आवाज पातळ आहे. ड्रमला खोली नाही, गिटारचा जाडपणा कमी पडतो, आणि तोशीचा उंच आवाज कधी कधी वाद्यांच्या पुढे येऊन एकटाच उभा राहतो. आजच्या कुठल्याही मेटल अल्बमच्या शेजारी हा लावला तर स्वस्त स्पीकरवर ऐकतोय असं वाटेल. पण या पातळ आवाजातून एक गोष्ट स्पष्ट ऐकू येते: वाजवणाऱ्यांच्या डोक्यातला आवाज त्यांच्या खिशापेक्षा खूप मोठा आहे. 'अलाइव्ह' घ्या. सुरुवातीला पियानोवर बेथोव्हनचा 'मूनलाइट सोनाटा', आणि मग त्यातूनच उठणारं लांबलचक संथ गाणं. ज्यांच्याकडे स्टुडिओचा वेळ मोजून असतो ते असं करत नाहीत. ते चार मिनिटांची तीन गाणी उरकतात. एखाद्या कंपनीच्या माणसाने समोर बसून हे ऐकलं असतं, तर त्याने पहिल्या मिनिटातच पियानो कापायला सांगितला असता, असं मला वाटतं. इथे सांगणारं कोणी नव्हतं. अल्बमचं बळ त्यातच आहे आणि त्याचे दोषही त्यातूनच आलेत.

दोष आहेतच. 'आय विल किल यू' हे त्यांच्या १९८५ च्या पहिल्या सिंगलमधलं गाणं इथे पुन्हा आलंय, आणि ते इथे नसतं तरी चाललं असतं. वेग आहे, राग आहे, पण तो राग कुणावर आणि का हे गाण्यालाच माहीत नाही. मुखपृष्ठावरचं बाईचं रक्ताळलेलं चित्रही त्याच जातीचं. धक्का द्यायचा म्हणून बाईच्या अंगावर रक्त काढायचं, ही त्या काळातल्या हेवी रॉकची जगभरातली खोड होती. 'काळच तसा होता' म्हणून मी ते सोडून देणार नाही. त्यापेक्षा 'गिव्ह मी द प्लेझर' ऐका. ताइजी बेसची तार अंगठ्याने अशी झोडतो की मेटलमध्ये मधेच फंक घुसतो आणि कोणालाच त्याची लाज वाटत नाही.

शेवटचं गाणं 'अनफिनिश्ड'. पियानोवरचं हळवं गाणं, आणि नावाप्रमाणेच ते पूर्ण होण्याआधी तुटतं. पुढे सीबीएस सोनीसारखी मोठी कंपनी मिळाली, एप्रिल १९८९ मध्ये 'ब्लू ब्लड' आला, आणि त्यात हे गाणं पूर्ण झालं. आमच्या कामात आपण व्हर्जन शून्य पॉइंट नऊ सोडतो, लोक शिव्या देतात, मग एक येतो. तसंच थोडंफार. फरक इतकाच की इथे शून्य पॉइंट नऊ जाणूनबुजून सोडलंय.

पण या लेखाचं कारण दुसरं गाणं आहे. 'कुरेनाई'. अर्थ गडद लाल, आपला किरमिजी म्हणा. 'व्हॅनिशिंग व्हिजन'मध्ये हे गाणं इंग्रजीत आहे. 'ब्लू ब्लड'मध्ये सुरुवातीच्या काही ओळी इंग्रजी आहेत, बाकी सगळं जपानी. दोन्ही एकामागून एक लावून ऐका. कोडचा डिफ बघतो तसं मी बघितलं: चाल तीच, वेग जवळपास तोच, वाजवणारी माणसंही तीच. आवाज दुसऱ्यात सुधारलाय, हे मान्य. पण खरा बदल तोशीच्या तोंडात झालाय. इंग्रजी गाताना तो शब्दांना घाबरतो. इंग्रजी शब्द व्यंजनावर बंद होतात, तोंड मिटतं, आणि उंच सूर मिटलेल्या तोंडात अडकतो. जपानीत जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वरावर उघडं राहतं, आणि प्रत्येक अक्षराला साधारण सारखीच जागा लागते. ती अक्षरं धावत्या ड्रमवर एकेक ठोक्याला बसत जातात, आणि ओळ संपते तिथे तोंड उघडंच असतं, सूर हवा तितका ताणता येतो. मला जपानी येत नाही. माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राला तर मेटलही आवडत नाही. त्याला दोन्ही ऐकवली. पहिल्याला म्हणाला, "हे काय आयकून राह्यला बे?" दुसऱ्याला काहीच बोलला नाही, शेवटपर्यंत ऐकलं.

जपाननेही दुसरंच उचललं. सप्टेंबर १९८९ मध्ये ते सिंगल म्हणून आलं. आज तिथल्या शाळांचे बँड बेसबॉलच्या मैदानात संघाला चेव आणायला 'कुरेनाई' वाजवतात. २०२४ मध्ये आलेल्या 'कराओके इको' या सिनेमात तर एक याकुझा गुंड शाळकरी पोराकडून हेच गाणं गायला शिकतो. बघितला नसेल तर बघा, मजेशीर आहे.

आता आपल्याकडे या. ज्या १९८८ मध्ये 'व्हॅनिशिंग व्हिजन' आला, त्याच वर्षी मुंबईच्या रॉक मशीनचाही पहिला अल्बम आला, 'रॉक अँड रोल रेनिगेड'. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल. भाषा इंग्रजी. मग २००० मध्ये साहिल माखिजाचा डेमॉनिक रिझरेक्शन, तोही मुंबईचाच. त्याने डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढून स्वतःचे आणि इतरांचे मेटल अल्बम बाहेर आणले. योशिकीने हेच केलं होतं, आणि त्याच्या एक्स्टसीमधून पुढे लुना सी आणि ग्ले यांची सुरुवातीची रेकॉर्ड्स निघाली. डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार, पण इंग्रजीत. मला तो अल्बम आवडतो. तरी दर वेळी वाटतं, नरसिंह खांब फोडून बाहेर येतो आणि बोलायला लागतो इंग्रजी.

याला कारणं आहेत. मुंबईतल्या त्या पोरांना हे संगीत इंग्रजीतच भेटलं, ऐकणारेही इंग्रजी कळणारेच होते. एक्सनेही आधी तेच केलं होतं. फक्त एका वर्षात त्यांनी गाणं घरी आणलं. दिल्लीच्या ब्लडीवूडने २०२२ मध्ये 'रक्षक' हा पहिला अल्बम स्वतःच काढला, हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीत, ढोलासकट. त्याच वर्षी ते जपानच्या फुजी रॉकमध्ये वाजवून आले. तिथल्या लोकांना हिंदी कुठे कळत होतं?

मराठीत हे बसणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी शेगावला पालखीच्या दिवशी घेऊन जाईन. टाळ-मृदंग द्रुत लयीत आले की पायाखालची जमीन हलते, आणि बोलताना आपण खाऊन टाकतो तो शेवटचा 'अ' गाताना परत येतो, लांबतो, विठ्ठलचा विठ्ठला होतो. म्हणजे तोशीला जे उघडं तोंड जपानीत मिळालं ते आपल्याकडे आहेच. वर घशातून खरवडून ओरडायला ट, ड, ण आणि ळ आहेत. 'वादळ', 'वणवा', 'खळं' हे शब्द एकदा ग्राउल करून बघा, शेजारी नसताना. जपानीत ळ नाही, इंग्रजीत नाही. असं एखादं रेकॉर्ड चिखलीतून, मेहकरातून नाहीतर मलकापुरातून कोणी काढलं, तर ड्रमचा आवाज कितीही पातळ असो, दोनशे रुपये देऊन पहिली कॉपी मी घेईन.