कुपी की चिक्की?

सूक्ष्मकुपींविषयीचे जे लेख आणि तक्ते आमच्या पाहण्यात आले, त्यांतील बहुतेकांत एकच चित्र असते : आत थेंब, बाहेर कवच, अगदी अंड्यासारखे. शेजारी ‘फवारा-शुष्कन’ आणि खाली ‘नियंत्रित विमोचन’. ही तिन्ही एकत्र बसत नाहीत, असे आम्हांला वाटते.

नवी मुंबईत, वाशीच्या मसाला बाजारात मिळणारी वेलचीच घ्या. वेलचीच्या तैलराळेची अशी भुकटी करण्याचे काम खाडीपलीकडे, माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत झाले. रेखा सिंघल व सहकाऱ्यांचा त्यावरील शोधनिबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. अरबी डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन आणि सुधारित स्टार्च ४:१:१ प्रमाणात घेतले, तर सुगंध निव्वळ डिंकापेक्षाही चांगला टिकतो, असे त्यात आढळले. अरबी डिंक महाग आणि परदेशातून येणारा. म्हणून या निष्कर्षाला मोल आहे.

तैलराळ डिंकाच्या पाण्यात घुसळून त्या दुधाळ मिश्रणाचा फवारा सुमारे १५० ते २०० अंश सेल्सियसच्या हवेत सोडतात. मग वास उडून कसा जात नाही? हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि अंड्याचे चित्र तिथे मुकेच राहते. पाणी उडत असेपर्यंत थेंब हवेपेक्षा खूपच थंड असतो. त्याच्या पृष्ठभागावर चटकन साय धरते. तिच्यातून पाण्याचे लहान रेणू निसटतात, सुगंधाचे मोठे रेणू अडतात. सुकलेल्या कणात तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. म्हणजे ही चिक्की झाली. गुळात दाणे असतात तसे, आणि काही दाणे उघडेही राहतात!

मोदकासारखी पारी हवी असेल, तर आधी तेलाच्या थेंबांवर ऋणभारित लेसिथिनचा आणि त्यावर धनभारित कायटोसानचा (तो कोळंबीच्या सालींपासून मिळतो) थर चढवावा लागतो. फवारणी त्यानंतर.

राहिले ‘नियंत्रित विमोचन’. डिंकाची भिंत पाण्यात विरघळते, त्यामुळे चहात पडताच सुगंध मोकळा होतो. हे साठवणीतले संरक्षण झाले. सावकाश सुटका हवी, तर भिंत मेणासारखी किंवा एथिल सेल्युलोजसारखी, पाण्यात न विरघळणारी लागते.

शिक्षकांनी रंगीत साखरेची बडीशेप आणि चिक्कीचा तुकडा वेगवेगळ्या पेल्यांतील पाण्यात टाकून पाहावा. बडीशेपेचा आधी रंग जातो, मग साखर, शेवटी दाणा उघडा पडतो. चिक्कीतले दाणे मात्र एकेक करून सुटतात.