कॉम्रेड शरद पाटील यांची शब्दमीमांसा

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात आदिवासींच्या वनजमिनीचा प्रश्न घेऊन वावरणाऱ्या कार्यकर्त्याने पाणिनीच्या व्याकरणाकडे वळावे, ही घटना आपल्या विद्यापीठीय जगास काहीशी चमत्कारिक वाटते. कै. शरद पाटील (१९२५-२०१४) यांनी जातिप्रश्नावरील मतभेदामुळे मार्क्सवादी पक्ष सोडून १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. त्यांच्या राजकारणाचा विचार इतरत्र पुष्कळ झाला आहे. ‘दासशूद्रांची गुलामगिरी’ या ग्रंथातील भाषिक पुराव्याची परीक्षा मात्र भाषाशास्त्रज्ञांनी टाळली, असे म्हणावयास हवे.

व्याकरण हे समाजाचे साक्षीदार होय, ही त्यांची भूमिका मला ग्राह्य वाटते. पाणिनी बहिष्कृत न केलेल्या शूद्रांच्या नावांचा द्वंद्व समास एकवचनी सांगतो. म्हणून सुतार व लोहार यांचे ‘तक्षायस्कारम्’ होते, पण ‘चण्डालमृतपाः’ हे बहुवचनीच राहते. ज्यांनी जेवलेले भांडे संस्कारानेही शुद्ध होत नाही ते बहिष्कृत, असा खुलासा पतंजली करतो. येथे वचनाच्या प्रत्ययातच पंगतीचा भेद उमटला आहे. कोणत्याही स्मृतिवचनापेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय होय. कारण वैयाकरणास येथे धर्म सांगावयाचा नाही, रूप साधावयाचे आहे.

परंतु व्युत्पत्तीचे बळ याहून पुष्कळ कमी असते. निर्ऋती ही वैदिक वाङ्मयातील अशुभ देवता मूळची गणमाता होती, आणि ‘राष्ट्री’ या शब्दात स्त्रीराज्याची स्मृती आहे, हे पाटील यांचे प्रतिपादन कल्पक आहे खरे. तथापि शब्दाचा धातू सापडला म्हणजे संस्था सिद्ध होत नाही. स्त्रीलिंगी रूपावरून स्त्रीसत्तेकडे जाताना मधल्या पायऱ्या हव्यात, आणि त्या नेहमी दिसत नाहीत. (आपल्याकडील नामवंत पंडितांनीही हा प्रमाद कमी केलेला नाही, त्यांस मात्र कोणी हटवादी म्हटले नाही.)

या मधल्या पायऱ्या कदाचित साक्रीच्याच परिसरात शोधाव्या लागतील. भिली, कोकणी व अहिराणी या बोलींतील नात्यांची नावे, शेताच्या वाटणीचे शब्द, कणसरीसारख्या धान्यदेवतेच्या पूजेतील संज्ञा यांचा पद्धतशीर संग्रह झाल्यास पाटील यांच्या सिद्धान्ताची बाजू बळकट होईल किंवा तो सोडावा लागेल. या कामास संस्कृतची पोथी पुरेशी नाही; पिंपळनेरच्या पुढे पाड्यांवर जाऊन राहावे लागेल, आणि ज्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडी हे शब्द आहेत त्यांचे वय थांबणारे नाही.