‘काय?’ विचारून सकर्मक क्रियापद सापडत नाही

इंग्रजी व्याकरणाचं कुठलंही गाईड उघडा, ट्रान्झिटिव्ह-इन्ट्रान्झिटिव्हच्या धड्यात एकच युक्ती दिलेली असते. क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारा, उत्तर आलं तर सकर्मक, नाही आलं तर अकर्मक. परीक्षेतल्या चार पर्यायांपुरती ही युक्ती चालते. प्रबंध लिहायला बसलात की मात्र ती दगा देते. कशी, ते बघू.

‘द बंडल वेज फिफ्टी किलोज.’ काय? तर पन्नास किलो. उत्तर आलं, म्हणजे गाईडच्या हिशेबाने क्रियापद सकर्मक. मग त्याचा पॅसिव्ह करून बघा: ‘फिफ्टी किलोज आर वेड बाय द बंडल.’ होत नाही. कारण पन्नास किलो हे कर्म नाहीच, ते माप आहे. युक्ती फक्त उत्तर आलं का ते बघते; क्रिया कोणावर घडली, ते बघत नाही.

मोठी अडचण पुढेच आहे. भिवंडीच्या यंत्रमागावरचं साधं उदाहरण घ्या. ‘द थ्रेड ब्रोक’ आणि ‘द वर्कर ब्रोक द थ्रेड’. क्रियापद तेच, पहिल्यात अकर्मक, दुसऱ्यात सकर्मक. गाईड याला अपवाद म्हणून दोन ओळींत उरकतं. पण ब्रेक, ओपन, बर्न, टेअर, स्टॉप अशी क्रियापदं इंग्रजीत ढिगाने आहेत. बेथ लेव्हिन यांनी १९९३च्या पुस्तकात इंग्रजी क्रियापदांची अर्थानुसार कुळंच लावली आहेत. ती बघितली की कळतं, हा अपवाद नाही, ही इंग्रजीची रीत आहे.

गंमत म्हणजे यासाठी आपल्या शाळेच्या व्याकरणात शब्द आहे: उभयविध क्रियापद. ‘त्याने दार उघडलं’ आणि ‘दार उघडलं’. मराठीत अशी क्रियापदं थोडी. बहुतेक वेळा आपण रूपच बदलतो: तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे, जळणे–जाळणे, पडणे–पाडणे. म्हणजे जो फरक इंग्रजी वाक्यरचनेवर सोडते, तो मराठी क्रियापदातच सांगून टाकते.

आता हे संशोधनात कुठे अडतं ते बघा. समजा, तुम्ही यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती घेताय. एक जण म्हणतो, ‘माग बंद पडले.’ दुसरा म्हणतो, ‘माग बंद केले.’ कोणी केले, ते दुसऱ्याने सांगितलं नाही. पण ‘केले’ म्हटल्यावर करणारा कोणीतरी आहे, हे त्याने सांगितलंच. तुम्ही दोन्हींचं भाषांतर ‘द लूम्स स्टॉप्ड’ असं केलंत, तर दुसऱ्याची साक्ष तुम्ही पुसली. तिथे ‘द लूम्स वर स्टॉप्ड’ हवं. एका ‘वर’ने मंदी आणि निर्णय यांतला फरक टिकतो.

उलटी चूकही आपण करतो. ‘द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’, ‘द बिल्डिंग वॉज कोलॅप्स्ड’. होणे आणि कोसळणे अकर्मक. इथे कर्मच नाही, तर पॅसिव्ह कशाचा करणार? ‘डिस्कस अबाउट’ही तसंच. मराठीत आपण विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून अबाउट घुसतं. इंग्रजीत डिस्कसला थेट कर्म लागतं.

पण व्याकरण बरोबर आलं म्हणजे काम संपलं असं नाही. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली, अनेकांचा जीव गेला. ‘इमारत कोसळली’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे. त्यात दुर्लक्ष करणाऱ्याला जागाच नाही, आणि वाचणाऱ्याला काही राहिल्यासारखं वाटतही नाही. अभ्यास करणाऱ्याने तिथेच थांबून विचारायचं असतं: याच्या आधीची सकर्मक वाक्यं कुठली?

मराठीची कसोटी तरी पक्की आहे का? पूर्ण नाही. ‘कामगार हसला’, ‘कामगाराने धागा तोडला’; भूतकाळात सकर्मकाच्या कर्त्याला ‘ने’ लागतो. पण ‘तो काम शिकला’ म्हणताना कर्म असूनही ‘ने’ नाही. हॉपर आणि थॉम्पसन यांनी १९८० साली नेमकं हेच मांडलं: सकर्मकता म्हणजे हो-नाहीचा खटका नाही, ती कमी-जास्त असते. क्रिया पूर्ण झाली का, हेतूने केली का, कर्मावर किती परिणाम झाला, असे दहा निकष त्यांनी दिले.

तेव्हा गाईड फेकू नका, पण त्याच्या युक्तीवर प्रबंध सोपवू नका. इंग्रजी वाक्य लिहिताना अडलात की आधी मराठीत म्हणून बघा: तुटलं की तोडलं? तुटलं असेल तर ‘वॉज’ घालू नका. तोडलं असेल तर कोणी, ते लिहा. ते सांगता येत नसेल, तर निदान ‘वॉज’ गाळू नका.