शिल्पकाराचा गौरव आणि प्रयोजक क्रियापद

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील मंदिराच्या बाह्यभिंती मूर्तिशिल्पांनी समृद्ध आहेत. परंतु त्या मूर्ती कोणी कोरल्या, याचे उत्तर परंपरेपाशी नाही. मंदिराच्या शैलीला मात्र नाव आहे, ते ‘हेमाडपंती’. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. हाती टाकी धरणारा कारागीर नव्हे. त्याच्या पूर्वीच्या मंदिरांनाही हीच संज्ञा सरसकट लावली जाते. निर्मितीचे श्रेय करणाऱ्याकडून करविणाऱ्याकडे किती सहज सरकते, हे यावरून ध्यानात येते.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या मराठी शिलालेखातील ‘करवियलें’ हे रूप याच प्रवृत्तीचे द्योतक होय. ते प्रयोजक आहे. मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाचे नाव तेथे आहे. ती करणाऱ्याचे नाही. दात्याची कीर्ती हाच लेखाचा हेतू असल्याने त्यास दोष देता येणार नाही. परंतु शिल्पकाराच्या सन्मानाची शिफारस करतानाही तेच क्रियापद मनात राहिले, तर शिफारशीचा हेतूच विफल होतो.

राम सुतार यांचे उदाहरण या दृष्टीने विचारार्ह आहे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ साली सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या या शिल्पकाराला १९९९ मध्ये पद्मश्री व २०१६ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०२४ चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार त्यांना २०२५ मध्ये, वयाचे शतक पूर्ण झाल्यावर, जाहीर झाला; त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते निवर्तले. त्यांच्या गौरवात सरदार पटेलांच्या पुतळ्याची १८२ मीटर उंची प्रथम सांगितली जाते. वस्तुतः उंची हा करविणाऱ्याचा निर्णय व अभियंत्याचे यश होय. शिल्पकाराचे कर्तृत्व मुद्रेत, उभे राहण्याच्या ढबीत आणि वस्त्राच्या चुण्यांत शोधावे लागते.

गांधीसागर धरणावरील त्यांच्या शिल्पात चंबळ ही माता असून मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन बालके आहेत. दोन राज्यांचे एका पाण्याशी असलेले नाते येथे आकृतिरचनेतूनच व्यक्त होते. शिफारशीचा खरा आधार हा होय. याउलट, स्मारकशिल्पात सादृश्याची व भव्यतेची मागणी कलावंताच्या कल्पनेला जखडून ठेवते, हेही समीक्षेने नोंदविले पाहिजे. मर्यादा न सांगणारी शिफारस ही केवळ प्रशस्ती ठरते.

१९५४ ते १९५८ या काळात सुतार औरंगाबाद येथे पुरातत्त्व खात्यात होते व प्राचीन लेण्यांतील झिजलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करीत होते. अनामिक शिल्पींच्या दगडावर ज्याचा हात फिरला, त्याला पुढे स्वतःच्या नावाने सन्मान लाभला. औंढ्याच्या भिंतींवरील हातांना तो लाभणे आता शक्य नाही. आज त्याच प्रदेशात मूर्ती घडविणाऱ्या कोणाची शिफारस होईल, तेव्हा तीत देणगीदार, उंची आणि खर्च यांच्या आधी त्याने काय व कसे कोरले, हे लिहिले जावे.