टप, खांब आणि लक्षण : दुर्मिळ अमेरिकन गाड्या ओळखताना



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला जुन्या अमेरिकन गाड्यांशी काय देणंघेणं? शंका रास्त आहे. मी आयुष्यभर वर्गात 'लक्षण' शिकवलं. लक्षण म्हणजे एखादी वस्तू इतरांपासून नेमकी वेगळी कशी काढायची, याचा विचार. फळ्यावर उदाहरण नेहमी गायीचं. अडचण अशी, की गाय सगळ्यांना ओळखते. लक्षण चुकलं तरी गायीचं काही बिघडत नाही आणि विद्यार्थ्याचे फार तर दोन गुण जातात. गाड्यांच्या बाबतीत तसं नाही. तिथे लक्षण चुकलं तर पैसे बुडतातच, पण कधीकधी एक अस्सल गाडी करवतीखाली जाते. ती कशी, ते शेवटी सांगतो. म्हणून आज गाय थोडी बाजूला बांधू आणि गाडी पुढे घेऊ.

प्रश्न साधा आहे. समोर १९२० ते १९६० या काळातली एक अमेरिकन गाडी उभी आहे. मालक म्हणतो, "ही दुर्मिळ बॉडी आहे." आपण कशावरून मान्य करायचं?

पहिला मोह होतो नावाचा. फेटन, लँडो, ब्रूम, व्हिक्टोरिया, कूपे ही सगळी नावं घोड्यांच्या गाड्यांवरून आली. मुंबईत व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मागे दुमडणारा टप डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. लँडो हे जर्मनीतल्या गावाचं नाव, ब्रूम हे एका ब्रिटिश लॉर्डचं, आणि फेटन हा ग्रीक पुराणातला, सूर्याचा रथ न आवरलेला मुलगा. नावं भारदस्त आहेत, पण घोडा गेला आणि नावं सैल झाली.

हा सैलपणा आवरायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. १९१६ साली अमेरिकेत एस.ए.ई. या इंजिनिअरांच्या संस्थेने बॉडीच्या प्रकारांची अधिकृत यादी ठरवली. यादी वाचनीय आहे. रोडस्टर म्हणजे दोघातिघांची उघडी गाडी. सेडान म्हणजे चार किंवा जास्त माणसांची, सगळे एकाच कप्प्यात बसतील अशी बंद गाडी. ब्रूम म्हणजे आतले लोक बंदिस्त आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्परच नाही, अशी लिमोझिन. माणसं किती, कुठे बसणार, ऊन-पाऊस कुणाला लागणार, यावर ही लक्षणं बेतलेली आहेत. म्हणून मला ती आवडतात. त्यांत समाजही दिसतो. ड्रायव्हरने भिजावं, हे त्या एका शब्दात गृहीत धरलेलं आहे.

पण ही यादी हातात घेऊन पुढच्या काळात गेलात, तर फसाल. १९५७ साली कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रूम काढली. तिला चार दरवाजे आणि स्टेनलेस स्टीलचं चकाकतं छप्पर होतं, आणि ते ड्रायव्हरच्याही डोक्यावर होतं. १९५७ मध्ये ४०० आणि १९५८ मध्ये ३०४ गाड्या झाल्या. दुर्मिळ आहे, यात वाद नाही. पण १९१६ च्या अर्थाने ती ब्रूम नाही. 'कन्व्हर्टिबल कूपे'चं तेच. १९१६ मध्ये त्याचा अर्थ होता, कूपेचं वेगळं छप्पर बसवता आणि काढता येईल असा रोडस्टर. पुढे तेच नाव दुमडता टप आणि खाली-वर होणाऱ्या काचा असलेल्या गाडीला लागलं. शिवाय फोर्डने मॉडेल टीच्या काळात ज्या बॉडीला 'टूरिंग' म्हटलं, तशाच बॉडीला मॉडेल ए आल्यावर 'फेटन' म्हटलं. तेव्हा नाव पुरावा नाही असं मी म्हणत नाही, पण ते कोणत्या साली आणि कुणी दिलं, हे कळल्याशिवाय त्याची किंमत शून्य.

आता गायीला थोडा वेळ परत बोलावू. न्यायशास्त्र लक्षणाचे तीन दोष सांगतं. 'शिंगं असते ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत शिरते. ही अतिव्याप्ती. 'तांबूस ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. आणि 'एका अखंड खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गाडी ओळखणाऱ्यांच्या चुका या तीन खान्यांत किती चपखल बसतात, बघा.

अतिव्याप्ती घ्या. 'कापडी छप्पर आणि बाजूला बाकदार लोखंडी दांड्या, म्हणजे टपाची गाडी.' फोर्ड मॉडेल एची १९२८-२९ ची स्पोर्ट कूपे बघा. छपरावर कापड आहे, बाजूला दांड्या आहेत, पण छप्पर जन्मात खाली येत नाही. दांड्या शोभेच्या आहेत. १९२९ मध्ये आलेल्या कॅब्रिओलेवरही अशाच दांड्या दिसतात, पण त्या खऱ्या, तिथे टप दुमडतो. दुरून दोघी बहिणी वाटतात. आणखी एक. तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अमेरिकन बंद गाड्यांच्या छपराच्या मधोमध कापडी भाग असायचा, कारण अख्खं छप्पर एका पत्र्यातून दाबून काढणं जमत नव्हतं. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांवर एकसंध पोलादी छप्पर आणलं, त्याला टरेट टॉप म्हणतात. तेव्हा जुन्या सेडानच्या छपरात कापड दिसलं म्हणून ती टपाची गाडी होत नाही. उलट ते कापड गाडीचं वय सांगतं.

अव्याप्ती घ्या. 'टप खाली गेला की वर काहीच उरत नाही, तीच कन्व्हर्टिबल.' मग १९३१ ची मॉडेल ए कन्व्हर्टिबल सेडान बाहेर जाते. फोर्डच्या हिशेबात ती ४००-ए. तिच्या खिडक्यांच्या वरच्या चौकटी कायमच्या आहेत. कापड मागे सरकतं आणि चौकटी जागेवर राहतात. नवशिक्याला वाटतं, कुणीतरी सेडानचं छप्पर कापून कापड टाकलंय. म्हणजे खरी दुर्मिळ गाडी खोटी ठरते. हा अन्याय उलट्या चुकीपेक्षा लहान नाही.

आणि असंभव? तो तर कंपन्यांनीच छापला. १९४९ मध्ये ब्युइक रिव्हिएरा, कॅडिलॅक कूप द व्हिल आणि ओल्ड्समोबिल हॉलिडे या गाड्या आल्या. जाहिरातीतला शब्द होता 'हार्डटॉप कन्व्हर्टिबल'. छप्पर पक्कं पोलादी, ते कधीच निघत नाही, आणि तरी कन्व्हर्टिबल! मात्र या शब्दाच्या मागे एक खरी गोष्ट दडलेली आहे. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या काचेमधला खांब खिडकीच्या उंचीवर नाही. चारही काचा खाली घेतल्या की बाजू पूर्ण मोकळी होते. हार्डटॉपचं लक्षण ते. छपराकडे बघू नका, खांबाकडे बघा.

मग चांगलं लक्षण कुठे शोधायचं? शास्त्र म्हणतं, असाधारण धर्म शोधा, म्हणजे त्या वस्तूत असतोच आणि दुसरीकडे नसतोच असा धर्म. गायीची गळ्याखालची पोळी घ्या. माझं म्हणणं असं, की गाड्यांच्या बाबतीत हा धर्म दागिन्यांत सापडत नाही, गाडीच्या कामात सापडतो. ही बॉडी काय करू शकत होती आणि त्यासाठी तिच्या हाडांत काय बदल करावा लागला, हे विचारा. रोडस्टर की कॅब्रिओले, हा वाद दरवाजा उघडला की मिटतो. आत वर-खाली होणारी काच आहे, की पाऊस आल्यावर लावायचे बाजूचे पडदे?

याहून बोलकं उदाहरण १९५५ ते ५७ च्या शेव्हरोलेचं. छप्पर गेलं की गाडीचा ताठपणा जातो, म्हणून कन्व्हर्टिबलच्या चेसिसमध्ये गुणाकाराच्या चिन्हासारखी जादा आडवी जोड असते. हार्डटॉपमध्ये ती नसते. कुणी हार्डटॉपचं छप्पर कापलं, टप बसवला, रंग दिला, तरी खाली वाकून पाहिलं की कळतं. छप्पर खोटं बोलू शकतं, पण चेसिसला तसं बोलायला लावणं फार महाग पडतं.

इथे कुणी म्हणेल, एवढं वाकायचं कशाला? गाडीवर पाटी असते ना. असते. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर इंजिन आणि कॅबिनमधल्या पत्र्यावर फिशर बॉडीची पाटी असते. १९५७ च्या बेल एअर कन्व्हर्टिबलवर ५७-१०६७डी, त्याच वर्षीच्या दोन दारी हार्डटॉपवर ५७-१०३७डी, नोमॅडवर ५७-१०६४डीएफ. हे झालं शब्दप्रमाण. पण शब्द प्रमाण होतो तो बोलणारा आप्त असेल तर, म्हणजे विश्वासार्ह असेल तर. पाटी दोन रिवेटांवर असते. रिवेट काढता येतात, पाटी दुसऱ्या गाडीवर जाते, नवीही घडवता येते. म्हणून पाटी, चेसिस आणि बॉडीवरच्या जुन्या खुणा, म्हणजे शब्द, प्रत्यक्ष आणि अनुमान, तिघांची साक्ष घ्यायची. तिघं जुळले तर ठीक. न जुळले तर सगळ्यात जास्त चकाकणाऱ्या साक्षीदारावर आधी संशय घ्यायचा.

आता थोडी अवघड जागा. ड्युसेनबर्ग मॉडेल जे. १९२८ च्या अखेरीस जाहीर झालेली ही गाडी एकूण सुमारे ४८० झाली. कंपनी चेसिस आणि इंजिन देई, बॉडी मर्फी, लेबॅरन, रोलस्टन अशा बाहेरच्या कारखान्यांतून होई. त्या काळातच एका गाडीची बॉडी काढून दुसरीवर चढवली जाई. मग खरी गाडी कोणती? तुम्हाला मिलिंदपञ्ह आठवला असेल. नागसेन राजाला विचारतो, रथ कशात आहे? आसात, चाकात, की जुवात? कशातच नाही. 'रथ' हे भागांच्या आधाराने चाललेलं व्यवहाराचं नाव आहे. नैयायिकाला हे मान्य नाही. तो म्हणतो, अवयवी हा अवयवांहून वेगळा आहे, आणि भाग बदलला तर जुना अवयवी नष्ट होऊन नवा निर्माण होतो. म्हणजे नैयायिकाच्या हाती लिलावाचा कॅटलॉग दिला, तर निम्मी पानं तो कोरी ठेवेल!

आपल्या परिचयाचं उदाहरण इंदूरचे यशवंतराव होळकर यांच्या ड्युसेनबर्गचं. चेसिस अमेरिकन, तोही लांब, आणि त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने केलेली फक्त दोघांची बॉडी. तिला 'अमेरिकन बॉडी' म्हणायचं का? मी म्हणेन, नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकन चेसिस, इंग्रज बॉडी, मराठी राजा. तिन्ही गोष्टी सांगितल्या की ओळख पूर्ण होते. एकाच शब्दात कोंबायला गेलात की ओळख खोटी होते.

आता माझी खरी तक्रार. 'दुर्मिळ' हा शब्द आपण गुणासारखा वापरतो, जणू रंग किंवा वजन. तो गुण नाही. किती झाल्या आणि किती उरल्या, यांतला तो संबंध आहे. एल्डोराडो ब्रूम तिच्या किमतीने दुर्मिळ केली, ती तेरा हजार डॉलर्सच्या वर होती. शेव्हरोले नोमॅड, कललेल्या खांबाची ती देखणी दोन दारी वॅगन, तीन वर्षांत बावीस हजारांच्या घरात झाली आणि लोकांनी ती जपली. तिच्याच काळातली सरळ खांबांची साधी दोन दारी हँडीमन वॅगन लोकांनी सामान वाहून वाहून झिजवली. साध्या सेडानांचं तर विचारूच नका. त्या इतक्या होत्या, की जपाव्यात असं कुणाला वाटलंच नाही.

आणि इथे करवत येते. तीसच्या दशकातल्या मोठ्या गाड्यांमध्ये उघड्या बॉडीला बंद बॉडीपेक्षा कितीतरी जास्त भाव. म्हणून अस्सल सेडानची बॉडी उतरवून, त्या चेसिसवर नव्याने घडवलेली फेटनची बॉडी चढवायचे प्रकार झाले. कागदावर चेसिस खरा, इंजिन खरं, गाडी सुंदर. पण घडलं काय? आधीच थोड्या असलेल्या फेटनांत एक न झालेली फेटन वाढली आणि खऱ्या सेडानांतली एक कमी झाली. सेडानमध्ये कुणाचं तरी कुटुंब बसलं होतं, तिच्या लाकडी सांगाड्यात तेव्हाच्या सुतारांचा हात होता. दुर्मिळाच्या हव्यासाने सामान्य गोष्ट दुर्मिळ केली, आणि तिची नोंद कुठेच झाली नाही.

माझा नक्कल करण्याला विरोध नाही. हौस असेल तर करावी, कारागिरीही अनेकदा अप्रतिम असते. पण पाटीवर लिहावं, 'मूळ सेडान, बॉडी नंतरची.' नागसेनाचं म्हणणं मी मानतो, नाव हे व्यवहारापुरतंच असतं. पण मग तो व्यवहार तरी खरा हवा.

म्हणून घरी जाताना तीन प्रश्न घेऊन जा. ही बॉडी काय करू शकत होती? हे कोण सांगतंय आणि त्याला का मानायचं? आणि तिसरा, जो कॅटलॉगमध्ये सहसा छापत नाहीत, ही गाडी आज इथे उभी राहावी म्हणून दुसरी कोणती गाडी गेली?