कॅलिफोर्नियांतील चिनी लोक ‘कुली’ होते काय? : १८५२ च्या दोन कागदांचें परीक्षण

सुवर्णशोधाच्या काळांत कॅलिफोर्नियांत गेलेले चिनी लोक करारानें बांधलेले ‘कुली’ होते, असें विधान एका ग्रंथांतून दुसऱ्यांत उतरत आलें आहे. मे न्गाइ यांनीं ‘द चायनीज क्वेश्चन’ (२०२१) या ग्रंथांत तें खोडलें आहे. या विधानास सरकारी वजन आलें तें गव्हर्नर जॉन बिग्लर यानें ता. २३ एप्रिल १८५२ रोजीं विधिमंडळास धाडलेल्या खलित्यामुळें. कागद समकालीन व अस्सल आहे; पण अस्सल कागदांतील मजकूर खराच असतो, असें नव्हे. बिग्लरला पुढच्याच वर्षीं पुन्हां निवडणुकीस उभें राहावयाचें होतें, हें विसरून चालणार नाहीं.

सुदैवानें प्रतिपक्षाचा कागदहि उपलब्ध आहे. ता. २९ एप्रिल रोजीं हाब वा व टाँग अचिक या सॅन फ्रॅन्सिस्कोंतील चिनी पुढाऱ्यांनीं गव्हर्नरास पत्र लिहिलें. ‘कुली’ हा शब्द चिनी नव्हे, तो बाहेरून आला, व आमच्यांत त्याचा अर्थ साधा मजूर एवढाच, असें ते सांगतात. शब्दापुरतें हें खरें आहे. त्याचें मूळ तमिळ ‘कूलि’ म्हणजे मजुरी हें, कीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘कोळी’ हें जातिनाम, एवढाच वाद आहे. प्रवासखर्चाविषयीं ते लिहितात कीं, कोणीं व्याजानें कर्ज काढलें, कोणास आप्तांनीं पैसा दिला, तर कोणीं नफ्याच्या वांट्यावर रक्कम उचलली.

हे पुढारी व्यापारी वर्गांतले. त्यांचेहि हितसंबंध यांत गुंतलेले होते. तेव्हां केवळ त्यांच्या शब्दावर निर्णय देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. इतर पुरावा पाहूं. क्यूबांत १८४७ ते १८७४ पर्यंत सुमारें सव्वा लाख चिनी मजूर नेण्यांत आले. तेथें आठ वर्षांचे करारनामे सांपडतात, व १८७४ च्या चिनी चौकशी मंडळानें घेतलेल्या १,१७६ जबान्याहि आहेत. कॅलिफोर्नियांत असे करार तुरळक. शिवाय सॅन फ्रॅन्सिस्कोच्या जकातखात्यांत १८५२ सालीं २०,०२६ चिनी उतरल्याची नोंद आहे. परदेशी खाणकऱ्यांवर दरमहा ३ डॉलरांचा कर बसल्यावर १८५३ सालीं ती संख्या ४,२७० वर आली. मालकानें बांधून आणलेला मजूर कराची वार्ता ऐकून घरीं थांबत नाहीं. स्वतः कर्ज काढून निघणारा थांबतो. सबब पत्राची बाजू आम्हांस अधिक ग्राह्य वाटते.

१८५४ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें गोऱ्या आरोपीविरुद्ध चिनी माणसाची साक्ष अग्राह्य ठरविली. त्यानंतरच्या दप्तरांत एका पक्षाचेंच बोलणें उरलें. म्हणून अशा पत्रांचें मोल मोठें. संग्राहकांनीं सूचि करतांना ‘कुली’ हा शब्द दिसल्यास तो कोणीं कोणाविषयीं लिहिला, हें नोंदवावें. केवळ शब्द पाहून माणसाची स्थिति ठरवूं नये.